सेंद्रिय मक्याला गिऱ्हाईक हवं
भारतात जनुकबदल केलेल्या मक्याच्या लागवडीला परवानगी नाही, त्यामुळे वाऱ्यावरच्या परागांनी पीक बाटण्याची अमेरिकी शेतकऱ्याची धास्ती इथे नाही. तरी आपला सेंद्रिय मका अडतोच. पीक नत्राला अधाशी, शेणखत अपुरं, त्यात २०१८पासून पोंग्यात ठाण मांडलेली लष्करी अळी. निंबोळी अर्क, ट्रायकोग्रामाची कार्डं यांनी ती आवरते, पण सतत पोंगे तपासणारी माणसं लागतात. प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांचा रूपांतर काळ वेगळाच. एवढं करून माल जातो कोंबडीखाद्याला, इथेनॉलला. तिथे सेंद्रियाला जादा पैसा कोण देणार? माझी आशा माणसाच्या ताटातल्या मक्यावर आहे: पीठ, लाह्या, कोवळी कणसं. शेतकरी गटांनी हीच बाजारपेठ धरावी, आणि त्या दोन वर्षांतला तोटा सरकारने उचलावा.