कवटीबाहेरून मेंदूच्या रक्तप्रवाहाचे मापन

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्या कारखान्याच्या शेजारी हथखोज येथे अवजड उद्योगांची वसाहत आहे. तापलेल्या पोलादाशी ज्याचा रोजचा संबंध येतो, त्यास हे नव्याने सांगावयास नको की, लालबुंद धातूला स्पर्श न करता केवळ त्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान मोजता येते. मात्र पृष्ठभागावरील खपलीचा हिशेब धरला नाही, तर तेच यंत्र चुकीचा आकडा दाखविते. मेंदूतील रक्तप्रवाह प्रकाशाच्या साहाय्याने मोजणाऱ्या नव्या उपकरणांचे स्वागत करताना हा दुसरा अनुभव ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

अर्धांगवायूचा झटका बहुधा मेंदूच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकल्याने येतो. मोठी धमनी बंद पडली असता दर मिनिटास सुमारे १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नळीवाटे गुठळी ओढून काढण्याचा उपचार २०१५ च्या चाचण्यांनी सिद्ध झाला. परंतु क्ष-किरणचित्रात धमनी मोकळी दिसली म्हणजे काम संपले असे नव्हे. तिच्या पुढील सूक्ष्म केशवाहिन्या कधी कधी रिकाम्याच राहतात. पुढे रक्तदाब फार उतरला तर मेंदू उपाशी राहतो, फार चढला तर रक्तस्राव होतो. गुंगीत असलेला रोगी तर काहीच सांगू शकत नाही.

येथे प्रकाश उपयोगी पडतो. तांबड्या रंगाच्या किंचित पलीकडचे किरण त्वचा व हाड यांतून आत शिरतात, हे १९७७ साली फ्रान्स योब्सिस यांनी दाखविले. प्राणवायूयुक्त आणि प्राणवायुहीन रक्त हे किरण निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेते. त्यावरून प्राणवायूचा अंदाज येतो. प्रवाहाचा वेग कळण्यास मात्र आणखी एक युक्ती लागते. लेसरचा प्रकाश रक्तपेशींवर आदळून परत येतो, तेव्हा त्यात ठिपक्यांची चळवळ दिसते. रक्त जितके वेगाने वाहते, तितकी ती चळवळ जलद. डेव्हिड बोआस व अर्जुन योध यांनी १९९५ साली या पद्धतीचा पाया घातला. बार्सिलोना येथे गुठळी विरघळविण्याच्या उपचाराच्या वेळी रोग्यांच्या डोक्यावर तिचे प्रयोगही झाले.

तथापि काही जण या उपकरणास सीटी स्कॅनचा स्वस्त पर्याय समजू पाहतात, ते चूक आहे. हा प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापलीकडे फारसा जात नाही. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हा पहिला निर्णय त्यावर सोपविता येणार नाही. कवटीतील रक्तस्राव हुडकण्यासाठी भारतात तयार झालेले ‘सेरेबो’ हे उपकरण प्रकाशाचाच उपयोग करते, पण त्याचे काम वेगळे. प्रवाह मोजणाऱ्या यंत्राची खरी जागा उपचारानंतरच्या पहाऱ्यात आहे: रात्रपाळीच्या परिचारिकेस रक्तदाबाबरोबर मेंदूचा प्रवाहही डोळ्यांसमोर दिसावा.

आता त्या खपलीविषयी. त्वचेतील कृष्णरंजक द्रव्यही प्रकाश शोषते. बोटाला लावावयाच्या प्राणवायुमापकाची गोष्ट बोलकी आहे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कृष्णवर्णीय रोग्यांतील प्राणवायूची घट त्या यंत्राच्या नजरेतून गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा निसटल्याचे आढळले. ते यंत्र तोवर कित्येक दशके वापरात होते! डोक्यावर तर दाट केसांचीही अडचण असते. कपाळ केसांवाचून असते खरे. पण गुठळी वारंवार जेथे अडकते त्या मधल्या धमनीचा प्रदेश मुख्यतः कानशिलाकडे असतो.

म्हणून खरेदीच्या आधी येथील रुग्णालयांत, उन्हात राबलेल्या येथील माणसांवरच चाचणी व्हावयास हवी. प्रत्येक मापनाशेजारी त्वचेच्या वर्णाची नोंद असावी, केस बाजूस सारण्यास किती मिनिटे गेली हेही लिहावे, आणि ज्यांचे मापन मुळीच जमले नाही त्यांची संख्या अहवालातून वगळू नये.