कारखाना हलला की...

पिंपरी-चिंचवडकडे नुसतं नकाशावर बघा. १९६० च्या दशकात इथे टेल्को आली, आकुर्डीला बजाज ऑटो आली. त्यांच्या आसऱ्याने भोसरीत छोट्या वर्कशॉप्सची रांगच लागली. कुणी नट-बोल्ट करतं, कुणी रबरी भाग, कुणी नुसतं प्लेटिंग. सुटे भाग हाकेच्या अंतरावर मिळतात म्हटल्यावर दुसरा मोठा कारखानाही तिथेच येतो. वाहन उद्योग असा शेजाराने वाढतो. मंडईत भाजीवालीशेजारी भाजीवाली बसते ना, तसंच!

पण शेजार मोडतोही. उत्तराखंडात नव्या कारखान्यांना दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ झालं. बजाजने २००७ मध्ये पंतनगरला कारखाना काढला आणि त्याच वर्षी आकुर्डीतलं वाहनांचं उत्पादन थांबवलं. इकडे चाकण वाढलं. महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणजे जकात नाही. जमीन मोकळी आणि भोसरीही जवळ. २००९ मध्ये फोक्सवॅगन आली, मग महिंद्र. एका अर्थी जकात नाक्याने कारखान्यांचा पत्ता ठरवला.

या सगळ्या हिशेबात जमीन, कर, वीज, रस्ता असतो. बाई नसते. आमच्या बचत गटातल्या कितीतरी जणी सुट्या भागांचं पॅकिंग आणि तपासणी करतात. वर्कशॉप भोसरीहून चाकणला गेलं की नवरा मोटारसायकलला किक मारतो आणि जातो. तिने काय करायचं? आधी शेअर रिक्षा, मग बस, मग महामार्गावरचा तो ट्रॅफिक. शाळा सुटायच्या वेळेला घरी पोचणं अशक्य. ती काम सोडते. हात बसलेली कारागीर जाते, हे मालकाचं नुकसान नाही का हो?

बाईला हे काम जमत नाही, असं आता कुणी म्हणू नये. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत ‘महिलांनी अर्ज करू नये’ असं होतं, त्यावर सुधा कुलकर्णींनी (आजच्या सुधा मूर्ती) जेआरडींना पोस्टकार्ड धाडलं आणि नोकरी मिळवली. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात फक्त महिलांची जुळणीची लाईन आहे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये कायदा बदलून, सुरक्षेच्या अटींवर, बायकांना रात्रपाळीही खुली झाली.

तीसपेक्षा जास्त महिला कामगार असल्या तर पाळणाघर हवं, हे कारखाना कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने आलं. छोट्या वर्कशॉपमध्ये तीस जणी कुठून येणार? म्हणून एमआयडीसीने नव्या वसाहतीत पाणी आणि वीज आणतानाच सगळ्या वर्कशॉप्सना मिळून एक पाळणाघर आणि पाळीच्या वेळेची बस द्यावी. सवलतीच्या करारात ही अट घालायला कितीसा खर्च येतो?