चाहता आणि कार्यकर्ता

२६ जुलै १९८२ रोजी बंगलोर येथे ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जबर जखमी झाले. मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयाबाहेर लोकांची रीघ लागली. देशभर नवस बोलले गेले. त्याच मुंबईत १८ जानेवारीपासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. पडद्यावरच्या हमालासाठी हळहळणाऱ्यांना दारातला उपाशी कामगार दिसला नाही, असे म्हणणे सोपे. पण ते अन्यायाचे आहे. नवस बोलणाऱ्यांत संपकरीही असणार. अन्यायाविरुद्ध पेटून उठणारा तो नायक त्यांना आपला वाटत होता. ते प्रेम खोटे नव्हते.

परंतु चाहता जीव ओवाळून टाकतो, हिशेब मागत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये अलाहाबादने हेमवतीनंदन बहुगुणांना पाडून बच्चन यांना लोकसभेत पाठवले. १९८७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. नटावर निर्हेतुक प्रेम करावे. लोकप्रतिनिधीला मात्र जाब विचारावा लागतो.

हा दोष केवळ चित्रपटगृहातला नाही. आपल्या सभांतही टाळ्या उदंड असतात, प्रश्न थोडे. चाहत्यांना हसण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला विचारावे : गेल्या वर्षभरात आपण आपल्या नेत्याला किती अडचणीचे प्रश्न विचारले?