घोडे सांभाळणाऱ्याचा विमा कोणी काढायचा?

१९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री चेन्नईजवळच्या ईव्हीपी फिल्म सिटीत दिव्यांची क्रेन कोसळून ‘इंडियन २’ या तमिळ चित्रपटाच्या सेटवरील तिघांचा मृत्यू झाला. मृतांच्या कुटुंबीयांसाठी कमल हासन यांनी एक कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, हे योग्यच झाले. मात्र त्यानंतरचा पत्रव्यवहार अधिक बोलका आहे. सुरक्षा आणि विम्याची हमी मागणारे पत्र कमल हासन यांनी निर्मात्या लायका कंपनीला लिहिले. त्यावर चित्रीकरण दिग्दर्शक व प्रमुख अभिनेत्याच्याच नियंत्रणाखाली होते, असे उत्तर कंपनीने दिले. पुढे करोना, मग २०२१ मध्ये दिग्दर्शक शंकर यांच्याविरुद्ध कंपनीची न्यायालयीन लढाई आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा चित्रीकरण, असे करत चित्रपट १२ जुलै २०२४ रोजी प्रदर्शित झाला. प्रेक्षकांनी तो नाकारला. या रखडपट्टीची चर्चा झाली ती मुख्यतः बुडालेल्या कोटींच्या हिशेबात.

तमिळ चित्रसृष्टीचा हा प्रश्न आपल्याला परका नाही. प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांच्या बलिदानावर महेश मांजरेकर यांनी ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ हा चित्रपट नोव्हेंबर २०२२ मध्ये गाजावाजा करून जाहीर केला. शिवाजी महाराजांच्या भूमिकेत अक्षय कुमार आणि प्रदर्शन दिवाळी २०२३ मध्ये, असा बेत होता. पहिल्याच झलकेत शिवकाळात विजेचे दिवे दिसल्याने टीका झाली, पात्रांच्या वेशभूषेवर आक्षेप आले. वृत्तपत्रांचे रकाने या वादांनी भरले. मार्च २०२३ मध्ये पन्हाळगडावर याच चित्रपटाचे काम सुरू असताना घोड्यांची देखभाल करणारा १९ वर्षांचा तरुण सज्जा कोठीजवळच्या तटावरून खाली कोसळला आणि उपचारादरम्यान दगावला. त्याला मात्र त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली. दिवाळी २०२३ आली आणि गेली. चित्रपट आला नाही.

अशा माणसासाठी कायदा नव्हता, असेही नाही. सिने कामगारांशी लेखी करार करून त्याची नोंद करण्याचे बंधन १९८१ च्या कायद्यानेच घातले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी तो कायदा सामावून घेतला आणि करारात सुरक्षेचा उल्लेखही अपेक्षित धरला. अडचण अशी, की ऐतिहासिक चित्रपटाच्या सेटवरचे शेकडो हात ठेकेदाराच्या उपठेकेदारामार्फत येतात. घोडे एकाचे, ते सांभाळणारी मुले दुसऱ्याची, मजुरी रोजच्या रोज हातावर. करार नेमका कोणाशी करायचा, हेच कोणाला ठाऊक नसते.

जुलै २०२५ मध्ये ‘वेट्टुवम’ या तमिळ चित्रपटाच्या चित्रीकरणात एका स्टंटमनचा मृत्यू झाला. त्यानंतर अक्षय कुमार यांच्या पुढाकाराने सुमारे साडेसहाशे स्टंट कलाकारांना विम्याचे संरक्षण मिळाल्याचे वृत्त आले. उपक्रम स्तुत्यच. पण लगाम धरून उभा असलेला मुलगा स्टंटमन नव्हे. कोणत्याही संघटनेच्या यादीत त्याचे नाव सापडणे कठीण.

रायगड जिल्ह्याला हा प्रश्न विशेष लागू पडतो. पेण आणि रोहे हे तालुके मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर. किनारा, खाडी, डोंगर सारे हाताशी. याच जिल्ह्यात कर्जतला नितीन देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ आहे. त्यांच्या २०२३ मधील निधनानंतर तो राज्य शासनाच्या चित्रपट महामंडळाकडे आला. म्हणजे तेथे चित्रीकरणाची परवानगी देणारे आणि जागेचे मालक एकच. परवानगीच्या अर्जासोबत सेटवरील प्रत्येकाची, ठेकेदाराच्या माणसांचीही, नावे व विम्याची प्रत मागायला नव्या कायद्याची गरज नाही. महामंडळाने काढलेले एक परिपत्रक पुरेल.