जुन्या पुस्तकावरचं चिकट लेबल

काय मंडळी, लागले ना निकाल? आता पुस्तकांची अदलाबदल सुरू! कुणी शेजारच्या दादाची दहावीची पुस्तकं घेणार. कुणी आकुर्डी-चिंचवडहून लोकलनं शिवाजीनगर गाठून पुढे अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं शोधणार.

जुन्या पुस्तकावर बऱ्याचदा एक आगाऊ पाहुणा बसलेला असतो : लेबल. कुणाचं नाव, इयत्ता, तुकडी, नाहीतर दुकानाची किंमत. ते रागानं ओढलं की मुखपृष्ठाचं सालच निघून येतं. किंवा लेबल निघतं, पण खाली चिकटा उरतो. त्यावर धूळ बसून काळा डाग होतो आणि दप्तरात शेजारचं पुस्तकही त्याला चिकटतं.

आधी ओळखा, लेबल कसलं आहे. डिंकानं किंवा खळीनं चिकटवलेलं लेबल पाण्यानं सुटतं. स्टिकरचं तसं नाही. अमेरिकेत स्टॅन्टन अ‍ॅव्हरी यांनी 1935 साली अशी आपोआप चिकटणारी लेबलं बनवायला सुरुवात केली. हा चिकटा पूर्ण वाळत नाही, म्हणून नुसतं दाबलं तरी चिकटतो. पाण्याला तो दाद देत नाही. उष्णतेनं मात्र मऊ पडतो.

मग मुखपृष्ठ तपासा. मागच्या कोपऱ्यात ओल्या बोटाचं टोक हलकेच टेकवा. पाणी वरच राहिलं तर कव्हर गुळगुळीत, प्लास्टिकच्या थराचं. लगेच शोषलं गेलं तर साधा कागद. आता कामाला लागू. गरम पाण्याच्या कामाला मोठं माणूस जवळ हवंच.

1. सपाट बुडाच्या स्टीलच्या वाटीत गरम पाणी घ्या. वाटी बाहेरून कोरडी पुसा. लेबलवर कोरा कागद ठेवून त्यावर वाटी मिनिटभर ठेवा.

2. एक कोपरा नखानं उचला. लेबल वर ओढू नका. मागे दुमडून, पुस्तकाला जवळजवळ टेकवत सावकाश ओढा. कागदाचे तंतू उचकटायला लागले की थांबा. पुन्हा शेक द्या आणि दुसऱ्या कोपऱ्यानं सुरुवात करा.

3. उरलेल्या चिकट्यावर स्वच्छ पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा. चिकट्याच्या बारीक वळकट्या होतील, त्या झटकून टाका.

4. कव्हर गुळगुळीत असेल आणि तरी चिकटा राहिलाच, तर कापसाला खोबरेल तेलाचा एकच थेंब लावा. दोन मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. तेल कडेपर्यंत जाऊ देऊ नका.

5. साध्या कागदावर तेल नको, तेलकट डाग कायमचा राहतो. तिथे चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि मऊ ब्रशनं झटका. चिकटपणा जातो. मग छानसं कव्हर घाला.

आपल्या पट्ट्यात घरोघरी कुणीतरी कंपनीत जातं. त्यामुळे बाबा म्हणतील, "थांब, थोडं थिनर आणतो!" बाबांना सांगा, लोखंडावर चिकटा नुसता वर बसतो, म्हणून पुसला जातो. कागद म्हणजे तंतूंचं जाळं. थिनर चिकट्याला विरघळवून आत मुरवतं, छपाईची शाईही पसरवतं. शिवाय ते चटकन पेट घेतं, त्याची वाफही वाईट. नेलपॉलिश काढायचं औषधही नको.

ग्रंथालयाचं लेबल किंवा शिक्का असेल तर हात लावू नका, आधी ग्रंथालयात विचारा. आजोबांच्या काळचं जीर्ण पुस्तक असेल तर तेही तसंच राहू द्या.

आता एक मनातली गोष्ट. वर्गात काही मुलं पुस्तकावरचं दुसऱ्याचं नाव हातानं झाकून बसतात. जुनं पुस्तक आहे हे कुणाला कळू नये म्हणून! अरे, त्यातलं गणित जुनं झालंय का? भूगोलाच्या नद्या आटल्या का? नाव काढायचं तर जरूर काढा, पण लाजून नको. पालकांनो, "तुझं पुस्तक जुनं का?" असं कुणी चिडवत असेल, तर त्या मुलाशीही घरी बोला.

आणि यंदा तुमच्या पुस्तकांवर स्टिकर लावूच नका. कव्हर घाला आणि लेबल त्या कव्हरवर लावा. पहिल्या पानावर नाव पेन्सिलीनं लिहा. पुढच्या वर्षी ते पुस्तक ज्याच्याकडे जाईल, त्याला खोडरबर पुरेल.

तुमच्या,
बाई