गिअरबॉक्स बदला म्हणे!

माझं एक ठाम मत आहे. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सइतका बिनपुराव्याने दोषी ठरवला जाणारा दुसरा भाग नाही. गाडी झटके देते? गिअरबॉक्स. पिकअप नाही? गिअरबॉक्स. मग हातात लाखाच्या वरचं एस्टिमेट आणि वर "सर, पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल." आपण आयटीवाले, प्रॉडक्शनला बग आला की आधी लॉग मागतो. इथे मात्र मुकाट्याने कार्ड काढतो. का बुवा?

आधी 'ऑटोमॅटिक' म्हणजे नक्की काय ते बघू. नाव एक, पण आतली यंत्रं निरनिराळी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर आपल्याऐवजी यंत्र हलवतं. गिअर बदलताना तिने थोडी मान डोलवणं हा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. सीव्हीटीला जोरात दामटलं की आधी इंजिनाचा आवाज चढतो, वेग मागून येतो. तोही स्वभावच. ड्राय क्लचची डीसीटी ट्रॅफिकमध्ये रांगत नेली की क्लच तापतो. राहता राहिला टॉर्क कन्व्हर्टर. तो एरवी मऊ चालतो, त्यामुळे अचानक धक्के द्यायला लागला तर कान टवकारावेत. थोडक्यात, पहिला प्रश्न 'काय होतंय' हा नाही. 'आधी होत नव्हतं असं काय होतंय' हा आहे.

आता कोड. स्कॅनर लावला की पी०७०० दिसतो आणि आपली पाचावर धारण बसते. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी तक्रार नोंदली आहे, तिकडे जाऊन विचारा. आपल्या भाषेत, नुसतं 'समथिंग वेंट राँग'. कामाची माहिती त्याच्या सोबतच्या कोडमध्ये असते. पी०७१५ असेल तर इनपुट स्पीड सेन्सरचं सर्किट, पी०७४१ असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच. कित्येकदा दोष एखाद्या सेन्सरचा, वायरचा किंवा कनेक्टरचा असतो. आणि हो, नीट वाचायच्या आधी कोड पुसणं किंवा बॅटरी काढून 'रिसेट' मारणं म्हणजे लॉग डिलीट करून बग शोधणं!

माझ्या एका मित्राची टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी घाटाच्या चढावर थरथरायची. सर्व्हिस सेंटरने गिअरबॉक्स सांगितला. दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनर लावून, मित्राला शेजारी बसवून तोच चढ चढवला. एक सिलेंडर मिसफायर होत होता. इग्निशन कॉइल बदलली, थरथर गेली.

अशा वेळी एक सोपी चाचणी असते. मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगात थरथर सुरू असताना मेकॅनिक ब्रेकच्या पेडलला जेमतेम पाय लावतो. त्याने लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉक-अपवर. तशीच राहिली तर इंजिन, माउंटिंग, टायर बघायचे.

मग तेल. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, ठरलेल्या पद्धतीनेच बघावी लागते. तेल काळं, जळका वास आणि त्यात धातूचे कण असतील तर मात्र आत झीज झालीय हे मान्य करावं.

गिअरबॉक्स खरोखर जातातच. २०१३ साली चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींमुळे फोक्सवॅगनला ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. म्हणजे मेकॅनिक खोटंच बोलतो असं अजिबात नाही. पण पुरावा दाखवणं हे त्याचं काम आहे आणि मागणं हे आपलं.

तेव्हा सहीआधी चार गोष्टी मागा: सगळ्या कोडची छापील यादी, तेल कसं निघालं, आपल्याला शेजारी बसवून रोड टेस्ट आणि "गिअरबॉक्सच गेलाय हे कुठल्या चाचणीवरून ठरलं?" याचं उत्तर. उत्तर मिळालं तर खुशाल बदला. "अनुभवावरून सांगतो सर" असं आलं, तर चावी परत घ्या. फक्त गिअर घसरत असतील किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकली असेल तर ती दामटत नेऊ नका. चारही चाकं वर घेणाऱ्या फ्लॅटबेडवरूनच न्या, नाहीतर तोवर नसलेला बिघाड खरोखरच होऊन बसेल.