शुकाचे खेळणे

पिंजऱ्यातील पोपटास निर्धोक खेळणे कोणते द्यावे, अशी पृच्छा भाविक गृहस्थ आमच्याकडे करतात. घुंगराच्या फटीत नख अडकते, सुटा दोरा बोटास आवळतो, जस्ताचा मुलामा पोटात गेल्यास विष होतो. ही तिन्ही टाळावीत. पण आपल्या रानचा पोपट बाळगणे हाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, त्याचे काय? ‘आम्ही त्याला रामनाम शिकवितो’ हा बचाव न्यायासनापुढे टिकत नाही. देवापुढे टिकेल असेही आम्हांस वाटत नाही. शुकमुनींचे भागवत ऐकावे आणि शुकासच गजाआड ठेवावे, ही कसली भक्ती? माणसाळलेला पक्षी एकाएकी सोडून देणेही घातक. तो वनखात्याच्या स्वाधीन करावा. शुकाचे निर्धोक खेळणे एकच, झाडाची फांदी.